‘न्यूटन’ सिनेमात आपण कुठे आहोत?

(युवक-युवती शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. टिपणावरून आणि आठवणीतून लिहून काढलं आहे. बोलण्यातले शब्द जमेल तितके तसेच ठेवले.)



काल रात्री इथेच, शाळेच्या भिंतीला चादर बांधून आपण ‘न्यूटन’ सिनेमा पाहिला. जनरेटर दोनदा बंद पडला. लहान पोट्टे मधातच झोपून गेले. आज्या मात्र शेवटपर्यंत बसल्या. सिनेमा संपला तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कोणी उठलंही नाही. मग मागून एका काकांनी विचारलं, ‘‘काहो, तुम्ही तर हसायचा सिनेमा आहे म्हणून सांगितलं होतं. मग हसायचं कुठं होतं?’’

शिबिराच्या कागदावर आज आमच्या नावापुढे ‘ग्रामसभा आणि दाव्याचे कागद’ असा विषय लिहिला आहे. कागदाकडे आम्ही येऊच. पण आधी काकांच्या प्रश्नावर बोलू द्या. रात्री आम्ही चौघं त्याच्यावरच बोलत बसलो होतो, झोप कोणालाच आली नाही.

काही गावांची माणसं आज सकाळी पोचली, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगतो. सिनेमा 2017 सालचा, अमित मसुरकर यांनी केलेला. न्यूटन हा तरुण सरकारी कारकून. घरच्यांनी नाव नूतन ठेवलं होतं, ते त्याने बदलून न्यूटन केलं. निवडणुकीत त्याची ड्यूटी छत्तीसगडच्या जंगलात लागते, दंडकारण्यात. मतदार किती, तर 76. हेलिकॉप्टरने छावणीत उतरवतात, तिथून बंदूकवाल्या जवानांबरोबर पायी चालत जातात. गाव जळलेलं. पडक्या शाळेत मशीन मांडून बसतात. कोणी येत नाही. जवानांच्या साहेबाला, आत्मा सिंग त्याचं नाव, हे सगळं लवकर उरकून परत जायचं आहे. न्यूटनला नियमाप्रमाणे पूर्ण वेळ बसायचं आहे. मग कळतं की बाहेर देशाची पत्रकार बाई बघायला येते आहे, वरचे साहेबही येताहेत. तेव्हा जवान पाड्यात जातात आणि लोकांना गोळा करून आणतात. लोकशाही दाखवायला माणसं पाहिजेत ना!

हे आपल्याला नवीन नाही. आपल्या जिल्ह्यातही निवडणुकीची माणसं हेलिकॉप्टरने येतात आणि आपल्याकडे मतदान दुपारी 3 वाजता बंद होतं. शहरातल्या माणसाला हे सिनेमात बघून नवल वाटतं.

आता हसण्याचं. अशा सिनेमाला ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतात, काळा विनोद म्हणा. ज्या गोष्टीवर रडायचं, ती अशी दाखवायची की आधी हसू येतं आणि मग घास घशात अडकतो. आपल्याला हे शिकवायला नको. जंगलात काडी तोडली म्हणून ज्याला धरून नेलं, तोच माणूस परत आल्यावर शेकोटीपाशी त्या दिवसाची नक्कल करतो आणि सगळा पाडा पोट धरून हसतो. त्याची बायकोही हसते. काळा विनोद तो हाच. पण तिथे हसणारे कोण आणि ज्याच्यावर हसतात तो कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. सिनेमात ते बघावं लागतं.

आमच्यातल्या एकाने हा सिनेमा आधी नागपूरच्या टॉकीजमध्ये पाहिला होता. त्याने काल पडद्याकडे कमी पाहिलं आणि तुमच्याकडे जास्त पाहिलं. तो सांगतो, दोन्हीकडची माणसं वेगवेगळ्या जागी हसली. जवान पाड्यात शिरून कोंबड्या पकडतात तिथे टॉकीजमध्ये थोडं हसू झालं. इथे काय झालं? एक आजी मोठ्याने म्हणाली, ‘‘धर, धर, अंड्यावर बसलेलीपण धर!’’ आणि सगळ्या बाया हसल्या. ते हसू वेगळं होतं. ज्याची कोंबडी गेली आहे त्याचं ते हसू. मशीन म्हणजे खेळणं आहे, पाहिजे ते बटण दाबा, असं आत्मा सिंग लोकांना सांगतो तिथे टॉकीजमध्ये फार हसले म्हणे. इथे एकही माणूस हसला नाही.

आणि एक जागा अशी होती की तिच्यावरच आमची रात्र गेली. न्यूटन लोकांना समजावतो की तुम्ही मत द्या, जो निवडून येईल तो दिल्लीला जाईल, तुमचं बोलणं तिथे मांडेल. तेव्हा गावचा म्हातारा पटेल म्हणतो की गावाचा पुढारी तर मी आहे, मग दिल्लीला मीच जातो. टॉकीजमध्ये लोक हसले. बिचारा भोळा म्हातारा, त्याला निवडणूक म्हणजे काय ते कळत नाही. इथे काय झालं ते तुम्ही ऐकलंच. दोघंतिघं एकदम बोलले, ‘‘बरोबर बोलला!’’

तुम्हीच सांगा, त्याच्यात चुकलं काय? पटेलाला गाव माहीत आहे, गावाला पटेल माहीत आहे. उमेदवार कोण, कुठला, कधी गावात आला होता का, हे कोणालाच माहीत नाही. त्या पडक्या शाळेत प्रतिनिधी या शब्दाचा सरळ अर्थ लावणारा तो म्हाताराच आहे. लिहिणाऱ्यांनी ते वाक्य हसण्यासाठी ठेवलं की विचार करण्यासाठी, आम्हाला वाटतं दोन्हीसाठी. म्हणून आम्ही या सिनेमाला चांगला म्हणतो. तो आपल्यावर हसत नाही, आपल्याला मत द्यायला हाकून आणणाऱ्यांवर हसतो. एवढं त्याच्या पदरात टाकलं पाहिजे.

याआधी काय होतं ते आठवा. हिंदी सिनेमात आदिवासी म्हणजे अंगाला काळा रंग, डोक्यात पिसं, हातात भाला, आणि हिरो-हिरोईनला खांबाला बांधून भोवती नाच. ते नाचणारे मुंबईचे. आपली पोरं वसतिगृहात शिकायला गेली की वर्गातले अजून तोच नाच करून दाखवतात. त्यावर जास्त बोलत नाही.

पण एका सिनेमावर बोलतो, कारण तो आपल्या बाजूचा मानला जातो. 1980 सालचा ‘आक्रोश’. गोविंद निहलानींचा, लिहिला विजय तेंडुलकरांनी. त्यात लहान्या भिकू नावाचा आदिवासी माणूस आहे, ओम पुरींनी केला आहे. त्याच्या बायकोवर मोठ्या लोकांनी अत्याचार केला, ती मेली, आणि खून केला म्हणून पकडलं त्यालाच. जवळजवळ पूर्ण सिनेमाभर तो बोलतच नाही. वकील विचारून विचारून थकतो. बाप मेल्यावर अग्नी द्यायला बेड्या घालून आणतात, तेव्हा तो कुऱ्हाड घेऊन आपल्याच बहिणीला मारतो, तिच्यावर तीच पाळी येऊ नये म्हणून, आणि मग ओरडतो. फार जबर सिनेमा आहे, पाहवत नाही. पण आमच्या मनात एक गोष्ट अडकून राहिली आहे. आपल्या बाजूने काढलेल्या सिनेमातही आपला माणूस मुका आणि बोलणारा वकील बाहेरचा. 37 वर्षांनी ‘न्यूटन’ आला. आता आपली माणसं बोलतात, गोंडीत बोलतात. हा फरक लहान नाही. 2011 च्या जनगणनेत आपली भाषा 29 लाखांवर लोकांनी आपली म्हणून सांगितली आणि अजून ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. संथाली आणि बोडो 2003 च्या दुरुस्तीने गेल्या, आपली राहिली. त्या भाषेला पडद्यावर जागा मिळाली, ऑस्करसाठी भारताकडून पाठवलेल्या सिनेमात मिळाली.

बरं, मग मोजू या. मोजायची सवय आपल्याला वनहक्क समितीने लावली आहे. समितीत 10 ते 15 माणसं, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया पाहिजेत असा नियम. हाच नियम सिनेमाला लावला तर?

ज्यांचं घरचं सुख-दुःख सिनेमा सांगतो असे मुख्य लोक मोजा. न्यूटनचं घर दिसतं, आईबाप दिसतात, पोरगी बघायला जातात आणि ती वयाने लहान आहे म्हणून तो नाही म्हणतो तेही दिसतं. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. तो कोणत्या समाजातून आला ते सिनेमा मोठ्याने सांगत नाही, पण समजणाऱ्याला समजतं. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. नियमासाठी हटून बसणारा माणूस त्या फोटोखालून येतो. दुसरा आत्मा सिंग. तो वाईट माणूस म्हणून रंगवलेला नाही, थकलेला आहे. तिसरा लोकनाथ, निवृत्तीला आलेला बाबू, रघुवीर यादव, त्याच्यावर तर सगळेच हसले. आणि मलको. मलको नेताम, तिथली शाळेतली बाई, बूथवर कामाला आलेली. चारात एक आदिवासी, एक बाई, आणि दोन्ही ती एकटीच. आपल्या समितीत असं झालं असतं तर कोरमच झाला नसता!

मलकोचं घर मात्र आपल्याला दिसत नाही. तिचे आईबाप, तिच्या शाळेतली लेकरं दिसत नाहीत. त्या 76 मतदारांपैकी एकाच्याही चुलीपाशी सिनेमा बसत नाही. ते रांगेत दिसतात. गावकरी म्हणून जे दिसतात ते त्या भागातलेच लोक आहेत, चेहरे खरे आहेत, म्हणूनच कोणीतरी काल म्हणालं की हा आपल्या मामासारखा दिसतो. मलकोचं काम करणारी अंजली पाटील ही नाशिकची. काम चोख केलं आहे. तिची गोंडी ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘बोलते गोड, पण लेक नाही वाटत, सून वाटते.’’ यापेक्षा चांगली परीक्षा पेपरवालेही लिहिणार नाहीत.

दिसत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. सिनेमा दल्ली राजहरा भागात काढला. आपल्या सरहद्दीपासून ते फार लांब नाही, आपल्याकडची माणसं तिथे मजुरीला गेलेली आहेत. लोखंडाच्या खाणीचं गाव. तिथे शंकर गुहा नियोगींनी खाणमजुरांची संघटना बांधली, मजुरांनी स्वतः दवाखाना उभा केला, तो शहीद हॉस्पिटल. 1991 साली भिलाईत नियोगींना झोपेत गोळी घातली. त्या मातीत माणसं इतकी बोलली, इतकी लढली. सिनेमातले गावकरी मात्र कोणी हाकलं तर येतात, नाहीतर जंगलात असतात. गावसभा नाही, संघटना नाही. इकडून बंदूक, तिकडून बंदूक आणि मधात गप्प माणसं. बंदुका खऱ्या आहेत, ते कोण नाकारेल. पण मधातली माणसं एवढी गप्प नसतात. ओडिशात नियमगिरीला 2013 साली 12 गावच्या ग्रामसभा बसल्या, सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने, समोर जिल्हा न्यायाधीश. तिथे बटण नव्हतं. एकेक माणूस, एकेक बाई उठून आपल्या भाषेत बोलली की हा डोंगर खाणीला द्यायचा नाही. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. सुरजागडचा डोंगर रोज बघणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. असं गाव सिनेमात अजून यायचं आहे.

ते जाऊ द्या. एवढं सगळं आम्ही रात्री मोठ्या ऐटीत बोललो, सिनेमावाल्यांच्या चुका काढल्या. मग आमच्यातलीच एक म्हणाली, ‘‘आणि मलको आपणच आहो त्याचं काय?’’

सगळे चूप.

मलकोचं काम काय आहे ते बघा. लोक बोलतात, ती साहेबाला सांगते. साहेब बोलतो, ती लोकांना सांगते. दोन्हीकडचं तिच्याच तोंडून जातं. ती हुशार आहे, खरी आहे. न्यूटन तिला विचारतो की तू निराशावादी आहेस का, तर ती म्हणते, मी आदिवासी आहे. काल इथे सगळ्यात जास्त आवाज त्या वाक्यावर झाला. पण लोक लांब बोलले आणि तिने थोडक्यात सांगितलं, तर साहेबाला तेवढंच कळणार. बाकीचं तिथेच राहणार, मातीत.

आम्ही बारावी झालेले. मराठी लिहिता येतं, साहेबासमोर खुर्चीवर बसता येतं. म्हणून दाव्याच्या कामात गावोगाव आम्हीच जातो. एका गावची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, पण ती आजी इथे बसली आहे आणि सांगायला तिची परवानगी घेतली आहे.

सामूहिक वनहक्काच्या दाव्याची पडताळणी होती. साहेब लोक आले होते, दोन खात्यांचे. उन्हाची वेळ. हद्द कुठपर्यंत, असं विचारलं. आजी उठली आणि गोंडीत बोलायला लागली. तिच्या आजोबांच्या वेळी शेजारच्या गावाबरोबर हद्दीचं भांडण झालं होतं, ते कोणत्या दगडापाशी बसून मिटलं. नाल्याच्या पलीकडे पेनाचं ठिकाण कुठे आहे, तिथे कोणत्या महिन्यात जातात. चारोळी कोणत्या उतारावर. दुष्काळाच्या साली कोणते कंद खणून लेकरं जगवली आणि ते कुठे मिळाले. कोणता डोह गावाने मिळून राखला, तिथे कोण मासे धरतं, कोण धरत नाही. दहा मिनिटं तरी बोलली असेल. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही घड्याळाकडे पाहिलं. आणि सांगितलं, ‘‘आजी म्हणते, हे जंगल पहिल्यापासून आमचंच आहे. आम्ही ते वापरतो.’’

दोन वाक्यं. साहेबांनी लिहिलं, वापर आहे. आजी खाली बसली. तिला वाटलं सगळं कागदावर गेलं.

नकाशा झाला तेव्हा हद्द नाल्यापर्यंतच आली. पलीकडचा उतार नाही, डोह नाही, पेनाचं ठिकाण नाही. गावातल्या कोणी विचारलं तेव्हा आम्ही म्हणालो, साहेबांनी कापलं. दोन वर्षं आम्ही असंच सांगत फिरलो. साहेबांनी पुष्कळ ठिकाणी कापलं आहे, ते खोटं नाही. पण इथे कापणारे आम्ही होतो. आणि कापलं ते मुद्दाम नाही. आम्हाला ते मराठीत सांगता आलं नसतं असंही नाही. आम्हाला वाटलं की साहेबासमोर दगडाच्या आणि कंदाच्या गोष्टी सांगितल्या तर ते हसतील. आमच्यावर हसतील.

म्हणून त्या पटेलाच्या वाक्यावर टॉकीजमधले हसले हे ऐकून आमच्या पोटात दुखलं. ते हसू आमच्या डोक्यात आधीच बसलेलं होतं. त्याच्या भीतीने आम्ही आजीला गाळलं.

आणि कायदा काय सांगतो? वनहक्काच्या नियमात, 2008 च्या, नियम 13 मध्ये पुराव्याची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेत, घराच्या, बांधाच्या खुणा आहेत. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं, लेखी करून घेतलेलं, हाही पुरावा आहे. दावेदार सोडून दुसऱ्या कोणाचं पाहिजे एवढंच. म्हणजे आजी जे दहा मिनिटं बोलली तो पुरावा होता. दुसऱ्या गावात जुना कागद सापडत नाही म्हणून लोक तहसिलीत चकरा मारतात, आणि आमच्यासमोर पुरावा उभा राहून बोलत होता, तो आम्ही घालवला.

लोकसभेत आदिवासींसाठी 47 जागा राखीव आहेत. महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 मधल्या 25. आपल्या जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा राखीव. आपल्यातलाच माणूस तिथे बसतो, हे मोठंच आहे, ते बाबासाहेबांच्या घटनेने दिलं, कोणी फुकटात दिलं नाही. पण आपल्यातला माणूस तिथे बसला म्हणजे आपलं बोलणं तिथे पोचलं, असं आम्ही समजत होतो. त्या उन्हात आम्हीही आपल्यातलेच होतो की. आजीच्या नातवंडांबरोबर शिकलेलो.

एक काका म्हणतील, पोरांनो, एवढं मनाला लावून घेऊ नका, साहेबांनी दोन वाक्यंही लिहिली नसती. असेल. पण दहा मिनिटांचं सांगून त्यांनी लिहिलं नाही, तर ते ग्रामसभेच्या ठरावात लिहिता आलं असतं. सांगितलंच नाही तर कुठून लिहिणार?

आता कागदाचं. त्या गावचा दावा फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत आला आहे. ही संधी आहे. येत्या मंगळवारी ग्रामसभा आहे, पोळ्याच्या आधी. कोरमला निम्मी माणसं लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया, म्हणून दुपारी नाही, सकाळी ठेवली आहे, बाया शेतावर जायच्या आत. आजी बोलेल. तिच्याबरोबर आणखी दोन म्हातारे आहेत, शेजारच्या गावचाही एक येतो म्हणाला, ज्याच्या आजोबांशी ते दगडापाशी बसणं झालं होतं. ते गोंडीत बोलतील आणि आम्ही ते गोंडीतच लिहू, देवनागरी अक्षरात, जसं तोंडातून येईल तसं. मग त्याच्या खाली मराठीत. लिहून झालं की गोंडी वाचून दाखवायचं, चुकलं तर तिथेच दुरुस्त करायचं, मग अंगठा. मराठी करताना एक जण लिहील आणि दुसरा फक्त ऐकेल की काही गळलं का. ऐकणारी बाई पाहिजे. कंदाचं आणि चारोळीचं पोट्ट्यांना कळत नाही, हे आम्ही कबूल करतो.

नंतर आजीला घेऊन नाल्यापलीकडे चालत जायचं आहे, जीपीएस घेऊन. तिला चालवत नाही, तर बाज घेऊन जाऊ. उचलायला चार जण पाहिजेत, नावं इथेच द्या.

ज्यांच्याकडे चांगल्या बॅटरीचा मोबाईल आहे त्यांनी बोलणं भरून घ्यायला मंगळवारी यावं. आणि कालची चादर ज्या काकूंची आहे त्यांनी ती जेवणाच्या आधी घेऊन जावी. तिला खिळ्याने एक भोक पडलं आहे, ते आम्ही शिवून देतो.

जोहार.